जपानचा उन्हाळी मात्सुरी: आदल्या संध्याकाळी पोहोचा, मिरवणुकीनंतर थांबा

क्योतोच्या गिओन मात्सुरीला, म्हणजे उत्सवाला, मी पहिल्यांदा गेले, तेव्हा १७ जुलैची सकाळची मिरवणूक पाहिली आणि दुपारच्या गाडीने ओसाका गाठलं. उत्सव पाहून झाला असं मनापासून वाटत होतं. दुसऱ्या खेपेला चहाच्या एका दुकानातल्या आजींनी सहज विचारलं, "देव पाहिलात का?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं की सकाळचे उंच रथ रस्ता शुद्ध करायला निघतात. देव संध्याकाळी निघतो, पालखीतून. म्हणजे आदल्या वर्षी मी झाडलोट पाहून परतले होते आणि पंढरपुरात पोहोचूनही पांडुरंग राहिला होता.

जपानी उन्हाळी उत्सवांबद्दल नवख्या माणसाला मी आधी हेच सांगते. जाहिरातीच्या फोटोत दिसतो तो उत्सवाचा मधला तुकडा असतो. आदली संध्याकाळ आणि नंतरचे काही तास हाताशी ठेवले, तर तो खरा उलगडतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: एकच उत्सव धरा

आठ दिवसांत पाच शहरं आणि तीन उत्सव असा बेत करू नका. एक उत्सव पक्का करा, त्याच्या गावात किमान दोन रात्री राहा आणि उरलेला प्रवास त्याच्या मागेपुढे बसवा.

आधी हवामान पाहा. जूनपासून साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तोक्यो-क्योतो पट्ट्यात 'त्सुयु' म्हणजे पावसाळा असतो. आपल्यासारखा कोसळणारा नाही, चिकट, रेंगाळणारा. तो सरला की एकदम कडक ऊन पडतं आणि मोठ्या उत्सवांची रांग लागते. ऑगस्टमध्ये वादळांची शक्यता असते, म्हणून बेतात एखादा मोकळा दिवस ठेवा.

मग तारीख कशाला बांधलेली आहे ते तपासा. काही उत्सव तारखेला बांधलेले असतात, वार कोणताही असो. गिओनच्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैला. ओसाकाचा तेन्जिन मात्सुरी २४ आणि २५ जुलैला, त्यात दुसऱ्या संध्याकाळी नदीत सुमारे शंभर नावांची मिरवणूक आणि वर आतषबाजी. फुकुओकातल्या हाकाता गिओन यामाकासाची रथांची शर्यत १५ जुलैला पहाटे ४ वाजून ५९ मिनिटांनी सुटते, हो, ५९ मिनिटांनीच. तोकुशिमाचा आवा ओदोरी हा नाचाचा उत्सव १२ ते १५ ऑगस्ट. काही उत्सव मात्र वाराला बांधलेले: तोक्योची सुमिदा नदीवरची आतषबाजी जुलैच्या शेवटच्या शनिवारी, अकिता प्रांतातल्या ओमागारीची आतषबाजीची स्पर्धा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख उत्सवाच्या अधिकृत पानावर पाहून घ्या.

वेळ असेल आणि गर्दीची भीती नसेल, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेला, तोहोकु भागात जा. एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर तीन मोठे उत्सव एकाच आठवड्यात येतात: अकिताचा कान्तो ३ ते ६, आओमोरीचा नेबुता २ ते ७ आणि सेंदाईचा तानाबाता ६ ते ८ ऑगस्ट. 'एकच उत्सव' या माझ्या नियमाला मी इथेच अपवाद करते, कारण ते एका ओळीत बसतात. कान्तोमध्ये सुमारे १२ मीटर उंच बांबूला ४६ कंदील टांगलेले असतात. साधारण ५० किलोचा तो डोलारा माणसं तळहातावर, कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलतात. वाऱ्याची झुळूक आली की सगळा रस्ता श्वास रोखतो. आओमोरीत आतून उजळलेले कागदी योद्धे रस्ताभर पसरून येतात आणि पुढे 'रास्सेरा, रास्सेरा' म्हणत उड्या मारणारे 'हानेतो' असतात. हानेतोचा ठरलेला पोशाख घातला की परदेशी पाहुणाही त्यात उतरू शकतो. पोशाख गावात भाड्याने मिळतो. सहभागाचे त्या वर्षीचे नियम तेवढे आधी वाचा.

पहिल्यांदाच जात असाल आणि मोठ्या गर्दीत जीव घाबरत असेल, तर तोक्योतल्या छोट्या बाजारांपासून सुरुवात करा. ६ ते ८ जुलैला इरियामध्ये 'आसागाओ'चा बाजार भरतो, म्हणजे सकाळी उमलणाऱ्या निळ्या-जांभळ्या वेलींच्या कुंड्यांचा. ९ आणि १० जुलैला असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात 'होझुकी'चा बाजार असतो, कागदी कंदिलासारख्या नारिंगी फळांच्या रोपांचा. १० जुलैला त्या मंदिरात दर्शन घेतलं तर ४६ हजार दिवसांचं पुण्य मिळतं, अशी श्रद्धा आहे. एकादशीचा हिशेब लहानपणापासून ऐकलेल्यांना हे समजवावं लागत नाही.

पायरी २: बुकिंग, आणि ओबोनची आठवण

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाचा व्हिसा साधारणपणे मिळाल्यापासून ३ महिन्यांत वापरायचा असतो, म्हणून फार लवकर अर्ज करण्यात अर्थ नाही. प्रवासाच्या दोनेक महिने आधी कागदपत्रं तयार ठेवा.

खोलीचं मात्र उलट. आओमोरी, तोकुशिमा, आतषबाजीचं नागाओका ही मोठी शहरं नाहीत आणि उत्सवाच्या रात्री तिथे खोली मिळणं कठीण. सहा महिने आधी पाहा. नाहीच मिळाली तर शेजारच्या गावात राहा आणि गाडीने जा-ये करा. आओमोरीसाठी हिरोसाकी किंवा हाचिनोहे चालतं. हिरोसाकीत तर त्याच दिवसांत स्वतःचा 'नेपुता' असतो, पंख्याच्या आकाराच्या चित्ररथांचा, आणि मला तो जास्त शांत वाटतो. शेजारच्या गावात राहताना परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते आदल्या दिवशीच कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी उत्सवात हमखास संपते.

शिनकान्सेन या अतिवेगवान गाड्यांची आरक्षणं प्रवासाच्या एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता उघडतात. ती वेळ आपल्याकडे सकाळी साडेसहाची. १३ ते १६ ऑगस्टच्या आसपास ओबोन असतो, म्हणजे पितरांचे दिवस, आणि अर्धा जपान गावी निघतो. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात, तसंच. त्या आठवड्यात तोक्यो-क्योतो मार्गावरच्या 'नोझोमी' गाड्यांत सगळे डबे आरक्षित केलेले असतात, ऐनवेळी उभ्याने जाऊ म्हणून विसंबू नका.

पायरी ३: पिशवी आणि कपडे

क्योतो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे, वारा आत येत नाही. जुलैच्या शेवटी तिथे ३५ अंशांवर पारा जाणं नेहमीचं, वर दमटपणा. "आम्ही मुंबईचा मे काढतो" म्हणणारी धडधाकट माणसं मी तिथे सावलीत डोकं धरून बसलेली पाहिली आहेत, कारण मुंबईच्या मे महिन्यात आपण दिवसभर रस्त्यावर उभे नसतो. उष्माघाताला तिथे 'नेच्चूशो' म्हणतात, हा शब्द पाठ करा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा नंबर ११९, पोलिसांचा ११०. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. मिठाच्या गोळ्या आणि क्षारयुक्त पेयं प्रत्येक कोम्बिनीत मिळतात. कोम्बिनी म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास चालणारं दुकान, आणि तुमचा खरा आधार तोच.

पिशवीत एवढं हवंच: पाण्याची बाटली, छोटा पंचा, जमिनीवर अंथरायला प्लास्टिकची चटई, डासांचं मलम, हलका रेनकोट, १०० येनची भरपूर नाणी आणि दोन रिकाम्या पिशव्या. नाणी ठेल्यांसाठी, कारण तिथे रोख लागते. रिकाम्या पिशव्या कचऱ्यासाठी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच. ठेलेवाला आपल्याकडून घेतलेल्या पदार्थाचा कचरा बहुतेक वेळा परत घेतो, बाकीचा आपण मुक्कामी न्यायचा. गर्दीत छत्री उघडू नका, मागच्या माणसाचं दिसणं बंद होतं.

युकाता, म्हणजे सुती उन्हाळी किमोनो, घालावा की नाही असं पुष्कळजण विचारतात. जरूर घाला. परदेशी माणसाने घातला तर कोणी वाकडं पाहत नाही, उलट वयस्क बायका थांबून तुमचा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, नीट करून देतात. भाड्याने देणारी दुकानं क्योतोत आणि असाकुसात पावलोपावली आहेत, नेसवूनही देतात. एकच गोष्ट चुकवू नका: डावी बाजू उजव्या बाजूच्या वर आली पाहिजे. बाई असो की पुरुष, सगळ्यांना हाच नियम. उजवी वर घेतात ती प्रेताला. लाकडी 'गेता'ची सवय नसेल तर पहिल्या तासातच अंगठ्याजवळ सोलपटतं, म्हणून चिकटपट्ट्या आधीच लावून निघा. साध्या चपला घातल्या तरी चालतं.

पायरी ४: उत्सवाचा दिवस कसा घालवावा

इथे गिओनचंच उदाहरण घेते. मला तो सगळ्यात जवळचा आहे, आणि त्याचा आपल्याशी धागा आहे. 'गिओन' हे नाव श्रावस्तीच्या जेतवनाच्या जपानी नावावरून आलं आहे. जेतवन विहाराचा रक्षक मानला गेलेला गोझू तेन्नो हा देव यासाका मंदिरात पुजला जात होता. इ. स. ८६९ मध्ये साथीचे रोग पसरले, तेव्हा ते शमावेत म्हणून त्या काळच्या प्रांतांच्या संख्येएवढे ६६ भाले उभारून विधी केला, तिथून या उत्सवाची परंपरा सांगतात. आजच्या उंच रथांच्या माथ्यावरचा सुळका त्या भाल्यांची आठवण आहे.

१५ किंवा १६ जुलैला दुपारी पोहोचा. मिरवणुकीआधीच्या या संध्याकाळींना 'योइयामा' म्हणतात. सहाच्या सुमारास शिजो रस्ता गाड्यांना बंद होतो, रथांवरचे कंदील लागतात आणि वर बसलेली मुलं-माणसं झांज, बासरी आणि ढोल वाजवू लागतात. त्या तालाला क्योतोकर 'कोन-चिकि-चिन' म्हणतात, ऐकलं की का ते कळतं. मोठ्या रस्त्यावर फार वेळ घालवू नका. शिनमाची आणि मुरोमाची या आतल्या गल्ल्यांत शिरा. तिथली काही जुनी घरं या दिवसांत दर्शनी खोल्या उघडून पिढीजात रंगवलेले पडदे मांडतात. आत पाऊल टाकायचं नाही, जाळीतून पाहायचं, हळू बोलायचं.

रथांच्या अंगावरचे गालिचे जवळून पाहायची वेळही हीच. युरोपातून, पर्शियातून आणि भारतातून समुद्रमार्गे आलेली जुनी वस्त्रं त्यांवर आहेत. त्यांत १७व्या-१८व्या शतकातले दख्खनी मानले जाणारे गालिचेही आहेत. आपल्या मुलखात विणलेली लोकर तीनशे वर्षांनी क्योतोच्या रोगनिवारणाच्या रथावर दिसते, तेव्हा मी तरी तिथून हललेच नाही.

बहुतेक रथांची मंडळं 'चिमाकी' विकतात. बांबूच्या पानांची ही जुडी खायची नसते, वर्षभर दारावर टांगायची असते, रोगराई दूर राहावी म्हणून. काही रथांवर ती घेतल्यास वर चढूनही पाहता येतं. काही रथांवर बायकांना आजही चढू देत नाहीत, तिथे पाटी असते.

१७ तारखेला सकाळी ९ वाजता शिजो-करासुमाहून मिरवणूक सुटते, अग्रभागी नेहमी नागिनाता-होको हा रथ. त्यावरचा बालक तलवारीने पवित्र दोर कापतो आणि वाट खुली होते. पाहायला सगळ्यात चांगली जागा शिजो-कावारामाची चौक. मोठे रथ १२ टनांपर्यंत जड, सुमारे २५ मीटर उंच, आणि त्यांची चाकं वळतच नाहीत. म्हणून चाकाखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या अंथरतात, पाणी ओततात आणि दोरांनी सगळा रथ आडवा खेचतात. एका दमात वळत नाही. दोन-तीन हिसक्यांत चौकभर कुरकुर आवाज होतो आणि सुळका आभाळात डोलतो. पण या चौकात सातच्या आत उभं राहावं लागतं आणि सावली नाही. म्हातारी माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर ओइके रस्त्यावरच्या तिकिटाच्या खुर्च्या घ्या.

मिरवणूक संपली की रथ आपापल्या गल्लीत परततात आणि लगेच उतरवायला घेतात. जमा झालेली रोगराई त्यांच्यासह आवरून टाकायची, अशी कल्पना. ज्या सांध्यांना खिळा नसतो, नुसत्या दोरांनी बांधलेलं असतं, ते दोर सोडताना पाहणं मला मिरवणुकीइतकंच मोलाचं वाटतं, आणि तिथे पर्यटक बोटावर मोजण्याइतके.

दुपारी खोलीवर जा. आंघोळ करा, झोपा, याला आळस समजू नका. सहाच्या आधी यासाका मंदिराच्या दगडी पायऱ्यांखाली या. तीन मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, शेकडो खांद्यांवर येतात. 'होइत्तो, होइत्तो' असा गजर, वर उचलून हलवणं, घामाने भिजलेले पांढरे अंगरखे. तिथून देव शिजो रस्त्यावरच्या मुक्कामाच्या जागी जातो आणि २४ तारखेपर्यंत तिथे राहतो. पालखी खाली बसताना जो आवाज उठतो, त्यासाठी मी दरवर्षी तिकीट काढायला तयार आहे.

पालखीजवळ तीन गोष्टी पाळा. मंडळाचा अंगरखा घातलेल्यांनीच खांदा द्यायचा असतो, मधे हात घालू नका. उंच पुलावरून किंवा खिडकीतून देवावर वरून नजर टाकणं अनेक ठिकाणी अनादराचं मानतात. आणि स्वयंसेवक 'पुढे चला' म्हणाले की पुढे चला, फोटो राहिला तरी.

१७ ची गर्दी नको असेल तर २४ तारखेची दुसरी मिरवणूक पाहा. तिच्यात ११ रथ असतात, पहिलीत २३. १९६६ पासून दोन्ही एकत्र निघत होत्या, २०१४ मध्ये पुन्हा वेगळ्या झाल्या. २१ ते २३ च्या संध्याकाळी ठेले नसतात, कंदील आणि बासरी तेवढी उरते. शांततेने पाहायचं असेल तर माझी पसंती यांनाच.

पायरी ५: ठेल्यांवर काय खावं

शाकाहारी माणसाला इथे नीट माहिती हवी, म्हणून सविस्तर लिहिते. 'याकिसोबा' या परतलेल्या शेवयांत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. 'ताकोयाकी'त ऑक्टोपस असतोच, आणि तो काढायला सांगून उपयोग नाही, कारण पिठातच 'दाशी' असते, म्हणजे माशाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. वरून भुरभुरतात त्या कात्सुओबुशीच्या पापड्याही माशाच्याच.

निर्धास्त खाता येईल असं पुष्कळ आहे: निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, त्यावर लिंबू-मिठाऐवजी सोयासॉस, लोणी घातलेला उकडलेला बटाटा, काठीला लावलेली थंडगार खारवलेली काकडी, साखरेच्या पाकात बुडवलेलं लाल सफरचंद, कापूसकँडी, आणि 'काकिगोरी', म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त बर्फ इतका बारीक किसलेला की जिभेवर नाहीसा होतो. काकडी खारवण्याच्या मिश्रणात आणि कणसाच्या सॉसमध्ये कधी कधी दाशी असते. कडक पाळत असाल तर विचारा. 'निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खाता येत नाहीत, हे वाक्य जपानी लिपीत फोनवर तयार ठेवा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा येतो.

पोटभर जेवण उत्सवाआधीच उरका. तोक्योत असाल तर निशी-कासाई भागात भारतीय किराणा मिळतो, पण लांबच्या गावी जाताना थेपले किंवा दशम्या बरोबर असल्या की मन शांत राहतं.

मुलं बरोबर असतील तर कागदी जाळीने सोनमासे पकडण्याचा खेळ आणि पाण्यावर तरंगणारे फुगे हुकाने उचलण्याचा खेळ खेळू द्या. मासा घेऊन विमानात बसता येत नाही, म्हणून तो तिथेच परत करा. ठेलेवाले समजून घेतात.

पायरी ६: आतषबाजीची रात्र

'हानाबी' म्हणजे अग्नीची फुलं. सुमिदा नदीवरच्या परंपरेची सुरुवात १७३३ ची मानतात, आणि आता तिथे सुमारे २० हजार गोळे उडतात. पण इमारतींच्या फटीतून पाहायला मला आवडत नाही. आकाश मोकळं हवं असेल तर नीगाता प्रांतातलं नागाओका, २ आणि ३ ऑगस्ट.

नागाओकाला जाताना तिथली आतषबाजी कशासाठी आहे ते माहीत असू द्या. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला या शहरावर बॉम्बहल्ला झाला आणि १,४८८ माणसं मेली. आजही १ ऑगस्टला रात्री साडेदहाला पांढऱ्या शेवंतीसारखे तीन गोळे उडवतात. जमलं तर एक दिवस आधी पोहोचा आणि नदीकाठी ते पाहा. पुढच्या दोन रात्रींचा अर्थच बदलतो. 'सान्शाकुदामा' या सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं फूल साधारण ६५० मीटर रुंद उमलतं, आणि आवाज छातीत बसतो. लहान मुलांच्या कानांना काहीतरी लावा. बहुतेक जागा आता तिकिटाच्या आहेत, विक्री वसंतातच सुरू होते.

कुठल्याही आतषबाजीत खरी परीक्षा परतीची. दोन मार्ग आहेत. एकतर शेवटच्या फेरीच्या वीस मिनिटं आधी उठायचं, किंवा संपल्यावर तासभर चटईवरच बसून राहायचं. मधला मार्ग धरलात तर स्टेशनबाहेर रांगेत दोन तास उभे राहाल. मी बसून राहते. धूर विरतो, कोणी गाणं गुणगुणतं, आजूबाजूची कुटुंबं आपली जागा झाडून कचरा बांधतात. येताना स्टेशनवर उतरल्यावरच शौचालयाला जाऊन घ्या, मैदानावरची रांग फार लांब असते. परतीचं भाडं रेल्वेच्या प्रवासकार्डात आधीच भरून ठेवा.

पायरी ७: मोहल्ल्यातला बोन ओदोरी

एवढं सगळं लिहिल्यावरही, एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या मैदानावर, देवळाच्या अंगणात, बाजारपेठेत एक लाकडी मचाण उभं राहतं, त्यावर ढोल, भोवती कंदिलांच्या माळा. लोक मचाणाभोवती फेर धरतात. तिकीट नाही, नोंदणी नाही. तारखा स्टेशनवरच्या फलकावर आणि दुकानांच्या काचांवर चिकटवलेल्या असतात. मुक्कामाच्या ठिकाणी "जवळपास बोन ओदोरी कधी?" एवढं विचारलं तरी सांगतात.

'बोन' हे नाव 'उल्लंबन' या बौद्ध विधीवरून आलं आहे, 'ओदोरी' म्हणजे नाच. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाने भुकेल्या प्रेतांच्या लोकात अडकलेल्या आईला पुण्यदानाने सोडवलं आणि आनंदाने तो नाचला, अशी कथा सांगतात. म्हणजे हा पितरांचा नाच. १३ ऑगस्टला दारात आग पेटवून त्यांना बोलावतात, १६ ला निरोप देतात. काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं आणि गाईवरून रमतगमत परतावं म्हणून. पितृपक्षात आपण कावळ्याची वाट पाहतो, तेच मन इथे भाज्यांत उतरलं आहे.

नाचायचं कसं? आधी एक गाणं बाहेर उभं राहून पाहा. मग निळ्या-पांढऱ्या सारख्या युकातातली वयस्क मंडळी शोधा, त्यांना सगळं येतं. त्यांच्या मागे शिरा आणि त्यांच्या पायांकडे नको, हातांकडे पाहा. 'तान्को बुशी' हा क्यूशूच्या कोळसा खाणींतून आलेला नाच सुरुवातीला सोपा: कुदळीने दोनदा उकर, दुसऱ्या बाजूने दोनदा, खांद्यावरून मागे टाक, कपाळाशी हात नेऊन पाहा, गाडी ढकल, हात उघड, टाळी. मंगळागौरीचे खेळ किंवा लेझीम केलेल्या माणसाला तिसऱ्या फेरीत जमतं. चुकलात तर हसून पुढे चला, फेर थांबत नाही आणि कोणी बोट दाखवत नाही. आत शिरायला संकोच वाटला तर 'हाइत्ते मो ईदेसु का?' म्हणजे आत येऊ का, असं विचारा.

ज्यांना याची गोडी लागेल त्यांनी गिफू प्रांतातलं गुजो-हाचिमान गाठावं. तिथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे तीस रात्री नाच चालतो आणि १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत. दहा वेगवेगळे नाच आहेत. डांबरावर हजारो लाकडी गेतांचा एकाच वेळी आपटणारा आवाज हेच तिथलं मुख्य वाद्य. क्योतोत असाल तर १६ ऑगस्टला रात्री ८ वाजता कामो नदीच्या काठी जा. समोरच्या डोंगरावर 'दाइ', म्हणजे 'मोठा' हे अक्षर ज्वाळांनी उमटतं, मग एकेक करून शहराभोवतीचे बाकी अग्नी. पितरांना वाट दाखवण्यासाठी ते पेटवलेले असतात. टाळ्या वाजवू नका, आरोळ्या देऊ नका.

मोहल्ल्यातला नाच नऊच्या सुमारास संपतो. शेवटच्या गाण्यानंतर लगेच निघू नका. एका वर्षी तोक्योच्या पूर्वेकडच्या एका मैदानावर मी रेंगाळले होते. मंडळाची माणसं कंदील उतरवत होती, घडीच्या खुर्च्या गोळा करत होती. मी दोन खुर्च्या उचलून त्यांच्या ढिगावर ठेवल्या. कोणी नको म्हटलं नाही. अर्ध्या तासाने एका काकांनी बर्फाच्या टबातली उरलेली बार्लीच्या चहाची बाटली माझ्या हातात दिली आणि पुढच्या वर्षीची तारीख सांगितली.